हॅगलुंडांचं लॉन

१३ मे

वेंडेलचं ऑपरेशन गुरुवारी, डुलुथच्या हॉस्पिटलात. छाती उघडणार आहेत. संध्याकाळी आमच्या दोन घरांच्या मधल्या हद्दीवर उभं राहून त्याने मला हे असं सांगितलं, जणू गाडीचं तेल बदलायला टाकतोय. मग गवताकडे बघायला लागला. बर्फाखाली धरलेल्या बुरशीचे करडे चट्टे त्याच्या लॉनवर अजून आहेत. मी म्हटलं, दाताळ्याने हलकं विंचरलं की भरून येतील.

"दोन-अडीच महिने मला काही उचलता यायचं नाही," तो म्हणाला. "लॉनकडे बघशील ना?"

"हे काय सांगायला हवं?"

"रोज येत जा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा."

मी हसलो. लॉनला रोज दोनदा बघायची गरज नसते, आठवड्यातून एकदा कापलं, तीन इंच ठेवलं, की पुरे.

"तरी ये," तो म्हणाला. "कॉरिन कॉफी करेल."

बावीस वर्षं मी इथल्या साप्ताहिकात लॉनवर सदर लिहितोय. अख्खं गाव मला दुकानात अडवून गवताचं विचारतं. शेजारच्या वेंडेल हॅगलुंडने मात्र चाळीस वर्षांत कधी सल्ला मागितला नव्हता. आज मागितला. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२१ मे

वेंडेल शुद्धीवर आहे आणि नर्सवर चिडतोय, म्हणजे बरा आहे. मुलगी जनेल मिनियापोलिसहून येऊन त्याच्याजवळ राहिली आहे. आईला, कॉरिनला, मात्र तिने काल घरी परत आणून सोडलं. हॉस्पिटलमध्ये खोली शोधताना कॉरिन दोनदा हरवली म्हणे. त्यात काय, मीही हरवलो असतो.

जनेल शाळेत माझी विद्यार्थिनी होती. जाताना म्हणाली, "सर, आईने शेगडी बंद केलीय का, तेवढं येताजाता बघाल?" मी हो म्हटलं.

वेंडेलच्या पुढच्या लॉनवर यंदा डँडेलियन इतके फुललेत की रस्त्यावरून हिरव्यापेक्षा पिवळंच जास्त दिसतं. गेल्या सप्टेंबरात त्याने फवारलं नसणार. दम लागत असेल. तण मारायची खरी वेळ सप्टेंबरच, पण तो घरी येईल तेव्हा हे बघायला लागू नये. वारा पडला की फवारून टाकतो.

२५ मे

फवारलं. पंप पाठीवर घेऊन सरळ पट्टे मारले, एक पट्टा दुसऱ्यावर चार बोटं चढवून, शेवटचा अगदी हद्दीला लागून. या वयातही हात स्थिर आहे.

कॉरिन पायरीवर बसून बघत होती. "सगळं मरणार का रे?"

"रुंद पानाचं तेवढं मरेल. गवताला काही होत नाही."

"त्या औषधाला कसं कळतं, गवत कोण आणि बाकीचे कोण?"

मी तिला नीट समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या वर्गात पोरं झोपत असतील."

नंतर आंबट रुबार्बच्या वड्या दिल्या. साखर घालायची विसरली होती. मी दोन खाल्ल्या.

१ जून

हॅगलुंडांचं लॉन फिकं दिसतंय. पाऊस नाही आठवडाभर. पाणी दिलं.

४ जून

पाण्याचा ताण नाही. ताण पडला तर गवत निळसर होतं, पाऊल उमटून राहतं. हे पिवळं आहे आणि बुडापासून आहे. डँडेलियन मेलेत. गवतही मरतंय. माझं लॉन हिरवंगार आहे आणि दोन्हींच्या मधली रेषा पट्टी धरून आखल्यासारखी आहे.

माझ्याकडे दोन पंप आहेत, दिसायला सारखे. एक लॉनचा. दुसरा खडीच्या वाटेवर मारायचा, त्यातलं औषध समोर येईल ते हिरवं मारतं. त्याच्या दांड्याला मी लाल चिकटपट्टी गुंडाळली होती. आज ती गॅरेजमध्ये फावड्यामागे जमिनीवर सापडली.

पंपावर रंगाने लिहा, चिकटपट्टी लावू नका, ती थंडीत सुटते. हे मी माझ्या सदरात पंधरा वेळा तरी छापलं असेल.

कोणाला बोललो नाही. आधी खात्री करायला हवी.

५ जून

खात्री झाली.

सकाळी कॉरिन गाऊनवरच बाहेर आली आणि लॉनच्या मधोमध उभी राहिली. मी सांगायलाच निघालो होतो. वाक्यही ठरवलं होतं.

ती म्हणाली, "ऑरव्हिल, गॅरेजमधली खताची पिशवी फुटलीय. मी गुलाबांना घालत होते. इथेही टाकलं का मी?"

मी काही बोललो नाही.

"टाकलं असेन. मला आठवतच नाही." माझ्याकडे बघत म्हणाली, "मी केलं का हे?"

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी, कॉरिन."

एवढंच म्हणालो. हे वाक्य खोटं नाही. खत जास्त पडलं तर लॉन जळतं, हे खरं आहे. मी हो म्हणालो नाही.

चारदा वाचलं वरचं. खोटं नाही.

१० जून

वेंडेल घरी आला. जनेलने हाताला धरून गाडीतून उतरवलं. बारीक झालाय. उतरल्या उतरल्या लॉनकडे बघितलं, मग हद्दीच्या रेषेकडे, मग माझ्याकडे. आत गेला.

जनेल मागे थांबली. "सर, आई म्हणते तिने केलं. तुम्ही बघितलंत?"

"नाही, मी तसं काही बघितलं नाही." तिला हे उत्तर आईला पाठीशी घालणाऱ्या भल्या शेजाऱ्याचं वाटलं असावं. तिने माझ्या दंडावर हात ठेवला.

या आठवड्याचं सदर: पाणी पहाटे द्यावं की सकाळी.

१४ जून

डेलच्या दुकानात खिळे आणायला गेलो होतो. डेल गल्ल्यावरून मोठ्याने म्हणाला, "मास्तर, हॅगलुंडांचं लॉन तुमच्याकडे सोपवलं होतं ना? काय केलंत काय, उकळतं पाणी ओतलंत?"

दोघं-तिघं हसले. मी म्हणालो, "कॉरिनची तब्येत हल्ली बरी नसते."

हसायचे थांबले सगळे. डेल म्हणाला, "अरेरे, माहीत नव्हतं."

खिळे न घेताच परत आलो.

२३ जून

चर्चमध्ये आज ऑर्गनवर दुसरीच बाई. एकतीस वर्षं कॉरिन वाजवत आली आहे. माझी बायको मार्गिट गेली तेव्हा तिच्या अंत्यविधीलाही तिनेच वाजवलं होतं, आणि स्वतः रडत असून एक स्वर चुकू दिला नव्हता.

प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी घेताना मी तिला विचारलं. "ऑर्गनची किल्ली दिली परत," ती म्हणाली. "काय करून बसले हे ज्या हातांना कळत नाही, ते हात लोकांच्या प्रार्थनेत कशाला?"

बायकांनी तिला खुर्ची दिली. एकीने तिच्या हातातला कप काढून घेतला, सांडेल म्हणून. सगळ्यांना कळलं होतं. कोणाकडून कळलं, ते मला माहीत आहे.

१९ जुलै

लॉन पूर्ण वाळलंय. आता बी टाकण्यात अर्थ नाही, उन्हात कोंब जळतात आणि तण पुढे जातं. आपल्या थंड मुलखात ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य हीच खरी वेळ. माती उबदार, हवा गार. वेंडेलला म्हटलं, सगळं मी करून देतो, बी माझं, काम माझं.

"तुझी मर्जी," तो म्हणाला.

माझ्याशी तो हल्ली एवढंच बोलतो. दुखणं मोठं होतं, थकला असेल.

३ ऑगस्ट

जनेल आली होती. गावातल्याच तळ्याकाठच्या वृद्धनिवासात कॉरिनसाठी जागा मिळाली आहे, विसरणाऱ्या माणसांच्या विभागात. पंधरा सप्टेंबरला जायचं.

"दोन वर्षं मी बाबांच्या मागे लागले होते, सर. नाहीच म्हणायचे. लॉन बघितलं आणि ऐकलं."

मी विचारलं, खरंच इतकी वेळ आली आहे का?

"सर, तुम्हीच तर बघताय ना रोज."

मी काय बघत होतो रोज? गवत बघत होतो.

वेंडेलचं दाताळं आणायला त्यांच्या गॅरेजकडे गेलो. दारावर कागद चिकटवला होता, कॉरिनच्या गोल अक्षरात: "कॉरिन, आत जाऊ नकोस." शेगडीवर दुसरा: "हात लावू नकोस, वेंडेलला विचार." मागच्या दारावर तिसरा. मी दाताळं न घेता आलो.

१० ऑगस्ट

सदरासाठी कबुलीचा मजकूर लिहिला. तीनदा. तिन्ही वेळा तो पंपांची निगा कशी राखावी यावरचा लेख झाला. शेवटचा तर चांगलाच झाला होता. फाडला.

१७ ऑगस्ट

सांगितलं.

मेलेलं गवत उपटून काढायला सकाळी गेलो. तासाभराने कॉरिन बाहेर आली, वेंडेलचे मोठे हातमोजे घालून. मला वाटलं मदत करायला आली. पायरीपाशीच थांबली आणि विचारलं, "मी कुठे उभी राहू, म्हणजे माझ्याकडून काही बिघडणार नाही?"

मी दाताळं खाली ठेवलं आणि म्हणालो, "कॉरिन, लॉन मी मारलं. पंप चुकीचा घेतला. तू काही केलं नव्हतंस."

ती पायरीवर बसली. "परत सांग."

परत सांगितलं. चिकटपट्टीचंसुद्धा.

"लॉनच्या मधोमध उभी होते मी. तुला विचारलं होतं."

"हो."

"तू काय म्हणालास?"

"होतं असं कधी कधी."

"होतं असं," ती म्हणाली. तिने एकेक बोट सोडवत हातमोजे काढले. "अडीच महिने मी स्वतःच्या हातांवर नजर ठेवून आहे, ऑरव्हिल. चहाचा कप उचलतानासुद्धा."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा जाऊ दे म्हणेल. तिने दोन्हीपैकी काही केलं नाही. आत गेली आणि थोड्या वेळाने गॅरेजच्या दारावरचा कागद टराटरा फाटल्याचा आवाज आला.

मग वेंडेल आला. त्याला सांगायला मी तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला.

"मला माहीत होतं. फवारून मेलेलं गवत ओळखू येतं, आणि कॉरिनला पंप उचलतसुद्धा नाही. आणि भान हरपून खत फेकणारी बाई हद्दीच्या रेषेवर थांबते होय? गाडीतून उतरतानाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

तो पायरीवर टेकला. "मला एकट्याला आता तिचं होत नाही. जनेलचं बरोबर होतं. पण हे कॉरिनला तोंडावर सांगायचं कसं? लॉनने माझ्याऐवजी सांगितलं. मी गप्प बसलो."

"म्हणजे आपण दोघेही."

"दोघं-बिघं काही नाही," तो म्हणाला. "तू तुझं बघ. माझं मी बघतो."

मग जाता जाता म्हणाला, "मी तुला रोज लॉन बघायला बोलावलं नव्हतं रे."

हे मला आत्ता, लिहिताना कळतंय.

१८ ऑगस्ट

कॉरिनचा निरोप नाही, ती स्वतःच आली. दारातूनच म्हणाली, "पेपरात लिहू नकोस. पेपरात तू हुशार होतोस. येत्या रविवारी कॉफीच्या वेळी उभा राहा आणि सांग. मी ऐकणार आहे."

२५ ऑगस्ट

उभा राहिलो. खुर्चीची पाठ घट्ट धरून. सदतीस वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस मी.

सांगितलं: पंप, चिकटपट्टी, आणि मी गप्प राहिलो हे. मग थांबलो. कॉरिन माझ्याकडे बघतच होती, म्हणून डेलच्या दुकानातलं वाक्यही सांगितलं. डेल समोरच होता. त्याने मान खाली घातली, जणू चूक त्याची.

लोक फार चांगले वागले. तेच सोसवेना. कोणीतरी म्हणालं, "गवतच ना ते, परत येईल." पास्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. एकीने केकचा तुकडा पुढे केला.

"गवताबद्दल नाही बोलत तो," कॉरिन मागून म्हणाली. शांतपणेच, पण सगळ्या तळघराला ऐकू गेलं. केकचा तुकडा हातात घेऊन मी तसाच उभा.

३० ऑगस्ट

बी टाकलं. जमिनीला भोकं पाडली, ब्लूग्रास आणि बारीक पानाचं गवत अशा दोन जातींचं बी मिसळून उभं-आडवं दोन्ही दिशांनी फेकलं, दाताळ्याच्या पाठीने माती सारखी केली. दिवसातून तीनदा हलकं पाणी. वेंडेल खुर्ची टाकून बसला होता. आता दोन पावलं जास्त चालतो. आम्ही फार बोललो नाही, पण तो आत गेला नाही.

सदर बंद करत असल्याचं संपादकांना कळवलं.

८ सप्टेंबर

कॉरिनने किल्ली परत मागून घेतली आणि आज ऑर्गन वाजवला. पहिलं गीत पहिल्यासारखंच. दुसऱ्याच्या मध्यात हात थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबले. लोक मान खाली घालून बसले. ती स्वतःच उठली, झाकण लावलं आणि खाली येऊन वेंडेलजवळ बसली.

बाहेर पडताना माझ्यापाशी थांबली. "हे माझं आहे," ती म्हणाली. "ते तुझं होतं. दोन्ही वेगळी ठेवायची होती मला."

वेंडेलने तिला सांगितलंय सगळं, स्वतःचंही. ती जायला तयार आहे. पण पंधराला नाही, लॉन एकदा कापून झाल्यावर, आणि कुठली खोली ते ती ठरवणार. जनेलला मान्य करावं लागलं.

आज हद्दीजवळ पहिले कोंब दिसले. केसासारखे.

२९ सप्टेंबर

पहिली कापणी केली. सकाळी दव गोठलं होतं, ते उतरेपर्यंत थांबलो. अजून विरळ आहे, पण आहे. कॉरिनला बोलावलं. ती कडेकडेने चालत आली, पाय गवतावर न पडू देता.

"छान आलंय," म्हणाली. मग हळूच, जवळ येऊन, "मी मारलं होतं ना रे ते?"

मला वाटलं टोमणा मारतेय. चेहरा बघितला. टोमणा नव्हता.

तिला माझी कबुली आठवत नव्हती. तळघर आठवत नव्हतं. भीती तेवढी राहिली होती.

"नाही, कॉरिन," मी म्हणालो. "मी मारलं." आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती पहिल्यांदाच ऐकत होती. हातमोजे नव्हते, पण हात तसेच चोळत राहिली. मग मला म्हणाली, "जा तू आता," आणि मी गेलो.

१४ ऑक्टोबर

कॉरिन गेली तळ्याकाठी. वेंडेल रोज दुपारी जातो. मी दर बुधवारी. पहिल्याच बुधवारी तिने विचारलं. मी सांगितलं. रडली. सांभाळणारी बाई मला बाहेर बोलावून म्हणाली, "कशाला तेच तेच सांगता त्यांना? विषय बदलायचा." मी म्हटलं, विषय एकदा बदलला होता.

१३ नोव्हेंबर

बुधवार. रात्रीतून चार इंच बर्फ. वेंडेलच्या लॉनवर पान राहू नये म्हणून गेल्या आठवड्यातच सगळं ओढून घेतलं होतं, नाहीतर खाली बुरशी धरते.

कॉरिन खिडकीशी बसली होती. माझं नाव चटकन आलं तिला. थोड्या वेळाने म्हणाली, "वेंडेल म्हणतो, लॉन परत आलं. मी मारलं होतं ते."

मी सांगितलं. आता थोडक्यात सांगता येतं, पण मी थोडक्यात सांगत नाही.

ती ऐकत राहिली. मग तिने नवीनच विचारलं. "हे तू मला याआधी सांगितलंयस?"

"सांगितलंय. पुष्कळदा."

"मग मी काय म्हणते?"

"एकदा बाहेर काढलंस. एकदा रडलीस. एकदा काहीच बोलली नाहीस."

"माफ केलंय का कधी?"

"नाही."

बाहेर तळ्यावर कोणीतरी बर्फ किती जाड झालाय ते काठीने ठोकून बघत होतं, तिकडे बघत राहिली.

"मग आजही नको," ती म्हणाली, आणि समोरची कॉफी माझ्याकडे सरकवली. "पी. गार होईल."